विश्लेषण : यीस्ट ते माणूस… जनुकांच्या ‘संकलना’चे बटण कोणाच्या हाती? हिवतापाच्या नव्या औषधाशी त्याचा संबंध काय?

माणसाच्या शरीरात प्रथिने तयार करण्याची माहिती देणारी जनुके साधारण २० हजार आहेत. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या ‘सी. एलेगन्स’ या गोलकृमीतही अशा जनुकांची संख्या जवळपास तेवढीच. मग एक हजाराहून कमी कायिक पेशी असलेला कृमी आणि लाखो कोटी पेशींचा माणूस यांच्यात एवढा फरक कसा? याच्या उत्तराचा एक मोठा भाग ‘स्प्लायसिंग’ या प्रक्रियेत आहे. एकाच जनुकाचा मजकूर वेगवेगळ्या प्रकारे जोडून त्यातून वेगवेगळी प्रथिने तयार करता येतात. कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता वगळायचा, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ‘चालू-बंद’ करण्याचे काम कायनेज नावाची विकरे करतात. ही विकरे यीस्ट, फळमाशी, वनस्पती, हिवतापाचा परजीवी आणि माणूस या सर्वांमध्ये आढळतात. त्यांच्यातील साम्य संशोधकांच्या उपयोगाचे आहे आणि बारीकसारीक फरक औषधनिर्मितीच्या.

स्प्लायसिंग म्हणजे नेमके काय?

डीएनएवरील जनुकाची प्रत प्रथम आरएनएच्या रूपात काढली जाते. ही कच्ची प्रत असते. तिच्यात प्रथिनासाठी उपयोगी भाग (एक्झॉन) आणि मधेमधे येणारे, काढून टाकायचे भाग (इंट्रॉन) असतात. चित्रपटाच्या संकलनात जसे नको असलेले चित्रीकरण कापून हवे ते तुकडे जोडले जातात, तसेच इंट्रॉन कापून एक्झॉन जोडले जातात. हे काम ‘स्प्लायसिओसोम’ ही प्रथिने आणि लहान आरएनए रेणूंची मोठी यंत्रणा करते. १९७७ मध्ये अमेरिकेतील फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ॲडिनोव्हायरसचा अभ्यास करताना जनुके अशी तुकड्यातुकड्यांत असतात, हे दाखवून दिले. त्यासाठी दोघांना १९९३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

एक्झॉन दरवेळी एकाच पद्धतीने जोडले जातात असे नाही. मेंदूतील पेशी एखादा एक्झॉन ठेवते, स्नायूतील पेशी तोच वगळते. माणसाच्या एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या जनुकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जनुकांमध्ये असे पर्यायी संकलन होते. त्यामुळे एकाच जनुकापासून मिळणारी दोन प्रथिने कधी कधी परस्परविरोधी कामेही करतात.

‘एसआर’ प्रथिने कोणती?

स्प्लायसिओसोमला कोठे कापायचे हे दाखवणारी जी प्रथिने असतात, त्यांना स्प्लायसिंग घटक म्हणतात. त्यांतील सर्वात परिचित कुटुंब ‘एसआर’ प्रथिनांचे. सेरीन (एस) आणि आर्जिनीन (आर) ही दोन अमिनो आम्ले त्यांच्या शेपटीत पुन:पुन्हा येतात, म्हणून हे नाव. माणसात अशी १२ प्रमुख एसआर प्रथिने आहेत, तर ‘ॲराबिडॉप्सिस’ या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीत १८. प्रथिनाचे डोके आरएनएवरील विशिष्ट खुणा ओळखून तेथे बसते आणि शेपटी स्प्लायसिओसोमच्या इतर भागांना जवळ बोलावते.

कायनेजचे काम याच शेपटीवर चालते. पेशीचे इंधन असलेल्या एटीपीमधून एक फॉस्फेट गट उचलून तो सेरीनवर बसवणे, म्हणजे फॉस्फोरिलेशन. आर्जिनीनवर धन प्रभार असतो, फॉस्फेटवर ऋण. शेपटीवर फॉस्फेट बसले की तिचा आकार, तिची चिकटण्याची क्षमता आणि तिचे साथीदार बदलतात. फॉस्फेट काढण्याचे काम फॉस्फेटेज ही विकरे करतात. प्रथिनांवर फॉस्फेट बसवून आणि काढून त्यांचे नियंत्रण होते, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात स्नायूंतील एका विकराच्या अभ्यासातून दाखवले होते. त्यांना १९९२ मध्ये, म्हणजे स्प्लायसिंगच्या नोबेलच्या एक वर्ष आधी, नोबेल मिळाले. आज ज्या विषयाची चर्चा होते, तो या दोन शोधांच्या सांध्यावर उभा आहे.

एसआरपीके आणि सीएलके यांची कामाची वाटणी कशी?

मानवी जनुकसंचात ५०० हून अधिक कायनेज आहेत. त्यांपैकी एसआर प्रथिनांसाठी दोन कुटुंबे महत्त्वाची. पहिले ‘एसआरपीके’. यातील एसआरपीके१ हे विकर अमेरिकेतील सॅन दिएगो येथील शियांग-डाँग फू आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शोधले. दुसरे कुटुंब ‘सीएलके’, ज्याचे माणसात चार सदस्य आहेत.

एसआरपीकेचा मुक्काम मुख्यत: पेशीद्रवात असतो. नवे एसआर प्रथिन तयार झाले की एसआरपीके त्याला एका खोबणीत पकडते आणि शेपटीवरील सेरीनवर एकामागून एक फॉस्फेट बसवत जाते. एसआरएसएफ१ या प्रथिनाच्या बाबतीत हे काम शेपटीच्या टोकाकडून डोक्याच्या दिशेने, प्रथिन मध्येच न सोडता होते. अशी खूण झालेल्या प्रथिनालाच ‘ट्रान्सपोर्टिन-एसआर’ हे वाहक प्रथिन ओळखते आणि पेशीकेंद्रात नेते. थोडक्यात, पहिल्या फेरीतील फॉस्फेट हा पेशीकेंद्राचा प्रवेश पास आहे.

पेशीकेंद्रात ही प्रथिने ‘स्पेकल’ नावाच्या ठिपक्यांत साठून राहतात. तेथे सीएलकेचे काम सुरू होते. एसआरपीके फक्त आर्जिनीनशेजारच्या सेरीनवर फॉस्फेट बसवते, पण सीएलके प्रोलीनशेजारच्या सेरीनवरही बसवते. या दुसऱ्या फेरीनंतर प्रथिने गोदामातून सुटून, जेथे जनुकाची प्रत काढली जात आहे तेथे पोहोचतात.

मात्र जितके फॉस्फेट जास्त तितके काम चांगले, असा हिशेब येथे चालत नाही. स्प्लायसिओसोमची जुळणी होताना फॉस्फेट लागते, पण प्रत्यक्ष कापणे-जोडणे होताना त्यातील काही काढावे लागते. प्रयोगशाळेत फॉस्फेट फार कमी ठेवले किंवा फार जास्त, तरी स्प्लायसिंग बिघडते. काम संपलेली, फॉस्फेट उतरलेली काही एसआर प्रथिने तयार आरएनएसोबत पेशीकेंद्राबाहेर येतात आणि पुन्हा एसआरपीकेच्या हाती पडतात. असे हे चक्र चालू राहते.

बाहेरून येणारे संकेतही याच वाटेने संकलनापर्यंत पोहोचतात. पेशीला वाढीचा संकेत देणारा ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ मिळाला की साखळी क्रियेतून एसआरपीके पेशीद्रवातून पेशीकेंद्रात जाते आणि अनेक जनुकांचे संकलन बदलते, हे फू यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले.

यीस्टमध्ये इंट्रॉन थोडे, मग कायनेज कशासाठी?

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये साधारण सहा हजार जनुके आहेत आणि त्यांतील पाच टक्क्यांच्या आसपास जनुकांमध्येच इंट्रॉन आढळतात. माणसासारखी एसआर प्रथिनांची मोठी फळीही त्यात नाही. तरीही एसआरपीकेचा भाऊ शोभेल असे ‘स्काय१’ हे कायनेज त्यात सापडले. ते ‘एनपीएल३’ या एसआरसदृश प्रथिनाच्या शेपटीच्या टोकाजवळील एकाच सेरीनवर फॉस्फेट बसवते. माणसात जेथे डझनभर फॉस्फेट, तेथे यीस्टमध्ये एक. पण परिणाम ओळखीचा आहे. त्या एका फॉस्फेटमुळे प्रथिनाची पेशीकेंद्राकडे ने-आण सुरळीत होते. परीक्षानळीत हेच स्काय१ सस्तन प्राण्यांच्या एसआर प्रथिनांवरही फॉस्फेट बसवू शकते. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा अंदाज आहे. तरी किल्ली आणि कुलूप अजून जुळते.

‘फिशन यीस्ट’ या दुसऱ्या यीस्टमध्ये चित्र वेगळे दिसते. त्याच्या जवळपास निम्म्या जनुकांत इंट्रॉन आहेत. त्यात एसआरपीकेचा नातलग ‘डीएसके१’ तर आहेच, शिवाय ‘पीआरपी४’ हे कायनेजही आहे, ज्याच्याशिवाय ते जगू शकत नाही. पीआरपी४ एसआर शेपटीपुरते थांबत नाही. माणसातील त्याचा नातलग स्प्लायसिओसोमच्या स्वत:च्या घटकांवर, उदाहरणार्थ पीआरपी६ आणि पीआरपी३१ या प्रथिनांवर, फॉस्फेट बसवून यंत्रणेची जुळणी पुढे नेतो. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये मात्र हे कायनेज नाही. इंट्रॉन कमी झाले तेव्हा त्यांच्या नियंत्रणाची काही साधनेही गळून पडली असावीत, असा अर्थ त्यातून काढला जातो.

माशी, कृमी आणि वनस्पतींमध्ये काय आढळते?

सीएलके कुटुंबातील फळमाशीच्या कायनेजचे नाव ‘डीओए’. ‘डार्कनर ऑफ ॲप्रिकॉट’ या इंग्रजी नावाचे हे लघुरूप. जर्दाळूच्या रंगाचे डोळे असलेल्या माश्यांमध्ये या जनुकात उत्परिवर्तन झाले की डोळे गडद होतात, असे १९८० च्या दशकाअखेरीस लक्षात आले. हे जनुक कायनेज तयार करते, हे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. यीस्टमधील केएनएस१ आणि वनस्पतीतील एएफसी२ ही त्याचीच भावंडे. या सर्वांच्या साखळीत अमिनो आम्लांच्या अक्षरांचा एक समान क्रम येतो. त्यावरून संपूर्ण कुटुंबाला ‘लॅमर’ कायनेज म्हणतात.

डीओएचे काम केवळ डोळ्यांच्या रंगापुरते नाही. फळमाशीत नर आणि मादी घडण्यासाठी ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाचे दोन प्रकारे संकलन होते. मादीचे संकलन होण्यासाठी ‘ट्रान्सफॉर्मर’ आणि ‘ट्रान्सफॉर्मर-२’ या एसआरसदृश प्रथिनांची गरज असते. डीओए बिघडले की ही व्यवस्था कोलमडते आणि जनुकीयदृष्ट्या मादी असलेल्या माश्यांमध्ये नराची लक्षणे दिसू लागतात, असे १९९८ च्या अभ्यासात आढळले. सी. एलेगन्स कृमीमध्ये ‘एसपीके-१’ हे एसआरपीके निष्क्रिय केले तर बीजपेशींची आणि भ्रूणाची वाढ बिघडते. म्हणजे ज्या विकराविना प्रयोगशाळेतील यीस्ट तग धरते, त्याच कुटुंबातील विकराविना कृमीची पुढची पिढी अडचणीत येते.

शरीराच्या तापमानाशी याचा काय संबंध?

बहुतेक रासायनिक क्रिया उष्णता वाढली की वेग घेतात. सीएलकेचे उलट आहे. तापमान थोडे कमी झाले की ती अधिक सक्रिय होतात, हे बर्लिनमधील फ्लोरियान हेड यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. विकराच्या सक्रिय भागाची रचना तापमानानुसार बदलते, हे त्याचे कारण. माणसाच्या शरीराचे तापमान दिवसभरात साधारण एक अंशाने वर-खाली होते. एवढ्या फरकानेही एसआर प्रथिनांवरील फॉस्फेटचे प्रमाण बदलते आणि अनेक जनुकांचे संकलन त्यानुसार हलते. ताप येणे किंवा शस्त्रक्रियेवेळी शरीर थंड ठेवणे अशा प्रसंगी पेशीत काय घडते, याचा विचार त्यामुळे नव्याने होऊ लागला आहे.

प्रत्येक प्रजातीत हा ‘तापमापक’ वेगळ्या पट्ट्यात काम करतो, हा या संशोधनाचा सर्वात रंजक भाग. ज्यांच्या शरीराचे तापमान परिसरानुसार बदलते, त्या प्राण्यांतील सीएलके त्यांच्या नेहमीच्या तापमानाला जुळलेली असते. कासवांच्या अनेक जातींत आणि मगरींमध्ये अंड्यातून नर निघणार की मादी, हे उबवणीच्या तापमानावर ठरते. कोकण किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले येथे अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांमध्येही वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक होतात. या प्राण्यांतील लिंगनिश्चितीशी संबंधित ‘केडीएम६बी’ जनुकातील इंट्रॉन काढला जाणे किंवा तसाच राहणे तापमानावर अवलंबून असते, असे आढळले आहे. सीएलके हाच त्यामागील तापमापक असावा, असे हेड यांच्या गटाने सुचवले. हे अद्याप गृहीतक आहे. पण किनाऱ्यावरील वाळू तापत असताना या दुव्याचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते राहत नाही.

हिवतापाच्या परजीवीवर हा वार कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार जणांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात गडचिरोली हा या रोगाचा मोठा भार असलेला जिल्हा. सध्याच्या उपचारांचा कणा असलेल्या आर्टेमिसिनिनला परजीवी दाद देईनासा झाल्याची उदाहरणे आधी आग्नेय आशियात आणि नंतर पूर्व आफ्रिकेत दिसली. त्यामुळे वेगळ्या मार्गाने मारा करणाऱ्या औषधांची गरज आहे.

प्लाझमोडियम फाल्सिपेरम या परजीवीच्या निम्म्याहून अधिक जनुकांत इंट्रॉन आहेत. म्हणजे स्प्लायसिंग थांबले तर तो जगू शकत नाही. त्याच्याकडे सीएलके कुटुंबाशी संबंधित कायनेज आहेत. त्यांपैकी ‘पीएफसीएलके३’ हे माणसातील पीआरपी४च्या सर्वात जवळचे. ग्लासगो विद्यापीठातील अँड्र्यू टोबिन आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५ हजार संयुगे तपासून या कायनेजला रोखणारे एक संयुग निवडले. ते संशोधन २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हे संयुग यकृतातील, रक्तातील आणि डासाकडे जाणाऱ्या अशा परजीवीच्या तिन्ही अवस्थांवर परिणाम करते, तसेच प्लाझमोडियमच्या एकाहून अधिक प्रजातींवर चालते, असे त्यात दिसले. एकाच औषधाने रुग्ण बरा करणे, संसर्ग रोखणे आणि पुढचा प्रसार थांबवणे ही तिन्ही कामे साधण्याची शक्यता त्यामुळे दिसते.

संयुग खरोखर याच कायनेजवर काम करते कशावरून? संशोधकांनी परजीवीच्या या कायनेजमधील एक अमिनो आम्ल बदलले. त्यानंतर संयुगाचा प्रभाव घटला. लक्ष्य बरोबर असल्याचा तो पुरावा ठरला. त्याच वेळी तो एक इशाराही आहे. प्रयोगशाळेत एका बदलाने जे घडले, ते निसर्गातही घडू शकते. त्यामुळे असे औषध आले तरी ते एकटे न देता अन्य औषधांच्या जोडीने द्यावे लागेल.

याच वाटेवर २०२२ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. कर्करोगासाठी विकसित केलेले अल्टिराटिनिब हे संयुग टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीतील याच प्रकारच्या कायनेजला रोखते आणि त्याचे स्प्लायसिंग बिघडवते. टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग गर्भवती स्त्रियांसाठी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी धोकादायक असतो.

माणसाच्या आजारांवर याचा उपयोग होईल का?

प्रयत्न सुरू आहेत. रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन अनेक रूपांत तयार होते. एसआरपीके१ने एसआरएसएफ१वर फॉस्फेट बसवले की नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे रूप अधिक बनते. उतारवयात दृष्टिपटलाखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वाढण्याच्या आजारात सध्या थेट डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. एसआरपीके१ रोखणारे थेंब डोळ्यात टाकून प्राण्यांमध्ये ही वाढ कमी करता आल्याचे प्रयोग झाले आहेत. विषाणूही यजमान पेशीची हीच विकरे वापरतात. हिपॅटायटिस-बीच्या गाभ्यातील प्रथिनावर आणि करोना विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनावर एसआरपीके फॉस्फेट बसवते, असे आढळले आहे.

मग अडचण कोठे आहे?

एक कायनेज शेकडो जनुकांच्या संकलनावर परिणाम करते. त्यामुळे ते पूर्ण बंद करणे हे घरातील एक दिवा घालवण्यासाठी मेन स्विच बंद करण्यासारखे होऊ शकते. २०१४ मध्ये फू यांच्या गटाने दाखवले, की पेशीत एसआरपीके१चे प्रमाण फार वाढले तरी आणि फार घटले तरी कर्करोगाला पोषक स्थिती तयार होते. म्हणजे ‘जास्त आहे म्हणून बंद करा’ हे सूत्र येथे धोक्याचे ठरते. मात्रा नेमकी असावी लागते.

परजीवीविरोधी औषधांपुढे दुसरी अडचण आहे. उत्क्रांतीने ही विकरे जपली, म्हणून यीस्टमधील अभ्यास माणसाला लागू पडतो. पण त्याच कारणाने परजीवीच्या कायनेजवर सोडलेले औषध रुग्णाच्या कायनेजलाही लागू शकते. ग्लासगोच्या संयुगाबाबत त्यामुळेच मानवी पीआरपी४ आणि सीएलके२ यांच्यावरील परिणामही तपासला गेला. ते परजीवीच्या कायनेजला अधिक पसंती देते, असे दिसले. प्रयोगशाळेतील ही पसंती रुग्णाच्या शरीरात टिकते का, हे मानवी चाचण्यांतच ठरते.

तोवर या संशोधनाची दिशा स्पष्ट आहे. प्रजातींमधील साम्य दाखवते की या विकराला हात लावला तर पेशीचे काम अडेल. पण हात कोठे लावायचा, म्हणजे परजीवी मरेल आणि रुग्ण वाचेल, हे त्यांच्यातील फरकच सांगतील. म्हणूनच यीस्टमधील एका फॉस्फेटचा आणि माशीच्या डोळ्यांच्या रंगाचा अभ्यास आज हिवतापाच्या औषधाच्या शोधात कामी येतो आहे.